दिवेकर संमेलनाला नक्की कोणते दिवेकर बोलवायचे?

सुपारीफुटाणे:
माझं आजोळ दिवेकरांचं. मामाकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एकच विषय चालू आहे, दिवेआगरला "समस्त दिवेकर स्नेहसंमेलन" भरवायचं, सोबत कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढायची, वर्गणी अमुक, राहायची सोय तमुक. सगळं छान चाललं होतं. मग एका मामेभावाने सहज विचारलं की मुंबई-ठाण्याच्या बेने इस्रायली (म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू) दिवेकरांनाही बोलवायचं का, ते पण दिवेआगरचेच ना. झालं. आधी सन्नाटा, मग "विषयांतर नको", मग एक मामा ग्रुप सोडून गेले (रात्री परत आले).

मला विचाराल तर प्रश्न अगदी बरोबर होता. मुंबईतलं सगळ्यात जुनं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, कोणी बांधलं? सॅम्युअल इझिकेल दिवेकर, म्हणजे सामाजी हसाजी दिवेकर यांनी, १७९६ साली. कंपनी सरकारच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेत सापडले, सुटून आले आणि मांडवीत सिनेगॉग उभं केलं. तिथला सॅम्युअल स्ट्रीट त्यांच्याच नावाचा. आणि दुसरीकडे वाईच्या प्राज्ञपाठशाळेतले, धर्मसुधारणेवर लिहिणारे महादेवशास्त्री दिवेकर. आडनाव तेच, गाव बहुधा तेच, धर्म वेगळा. आता पत्रिकेवर "समस्त दिवेकर" छापणार आणि जागा म्हणून दिवेआगर निवडणार, तर तुम्ही गावाच्या नावाने हाक मारताय. मग गावाच्या नावाचे सगळे या. नाहीतर सरळ गोत्र छापा पत्रिकेवर आणि मोकळे व्हा. दोन्ही चालेल, पण हे अर्धवट नको.

देशावरचा_नाना:
उगाच वाद उकरून काढलाय. कुलवृत्तांत म्हणजे काय हे आधी समजून घ्या. ती वंशावळ आहे, टेलिफोन डिरेक्टरी नाही. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत करताना काकांनी नाशिक-त्र्यंबकला जाऊन उपाध्यायांच्या वह्या चाळल्या, कोण कधी कोणाचं श्राद्ध करायला आला होता, बापाचं नाव काय, आजाचं काय, एकेक नाव जुळवत बसले. जुन्या मोडीतली पानं, शाई पसरलेली, एका ठिकाणी तर "धोंडो" आहे की "कोंडो" यावरच सगळे अडकले होते. हे काम आडनाव समान आहे म्हणून होत नसतं, रक्ताचं नातं लागतं म्हणून होतं. आडनाव सारखं म्हणजे भाऊबंद नव्हेत हे आम्हालाही कळतं, म्हणून तर गोत्र आणि कुलस्वामी विचारतात. "समस्त" हा पत्रिकेतला मानाचा शब्द आहे, त्याचा कीस काढू नका.

सुपारीफुटाणे:
नाना, कीस मी नाही काढत, तुमच्या म्हणण्यातूनच निघतोय. नातं रक्ताचं, कबूल. मग संमेलन पुण्यात करा ना, नव्वद टक्के लोक पुण्या-मुंबईचे आहेत (आकडा माझ्या मनाचा). पण नाही, दिवेआगरलाच जायचं, तिथल्या वाळूत उभं राहून "आपलं मूळ गाव" म्हणून फोटो काढायचे. म्हणजे अभिमान गावाचा मिरवायचा आणि दारात मात्र रक्त तपासायचं.

दिवा_स्लो_लोकल:
एक बारीक शंका. दिवेकर म्हणजे दिवेआगरचेच हे कोणी ठरवलं? पुरंदरात दिवे आहे, दिवे घाट चढून सासवडच्या वाटेला लागलात की. ठाण्यापुढे आमचं दिवा आहे, जिथे लोकलमध्ये चढायला वेगळा कुलस्वामी लागतो. या दोन्हीकडचा माणूस बाहेरगावी गेला तर त्याला काय म्हणतील? दिवेकरच. मग पुरंदरचा एखादा दिवेकर दिवेआगरला जाऊन "आमच्या पूर्वजांचा समुद्र" म्हणून डोळे पुसत असेल तर कोण अडवणार?

देशावरचा_नाना:
म्हणूनच म्हणतो ना की नुसत्या आडनावावर जाऊ नये! तुम्ही माझाच मुद्दा मांडलात, धन्यवाद.

सुपारीफुटाणे:
नाही, त्यांनी दोघांचाही मोडला 😀

रोठा_सुपारी:
मी श्रीवर्धन तालुक्यातला, दिवेआगरला रोजचं जाणं-येणं. तुम्हा सगळ्यांना एक सांगतो, इथे राहणाऱ्याला कोणी दिवेकर म्हणत नाही. गावात सगळेच गावचे, तिथे गावाचं नाव लावून काय ओळख पटणार? जो बाहेर गेला त्याला बाहेरच्यांनी चिकटवलं. म्हणजे आडनाव सांगतं की तुमचा कोणीतरी पूर्वज इथून निघून गेला, बस. त्याचा एवढा मान कशाला ते मला आजवर कळलेलं नाही.

आणि आता खरं बोलतो, राग येऊ दे. गाव जुनं आहे, शके ९८२ चा ताम्रपट इथला, रूपनारायणाच्या देवळातली मूर्ती बघायला अभ्यासक येतात, १९९७ ला बागेत खणताना सोन्याचा गणपती निघाला तेव्हापासून तर गाड्यांची रांग. हे सगळं संमेलनवाल्यांना तोंडपाठ असतं. पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा काय झालं ते किती जणांना माहितीये? सकाळपासून वारा, दुपारपर्यंत आगरंच्या आगरं आडवी. पोफळी अशा मोडून पडलेल्या की वाडीत पाय ठेवायला जागा नाही, एकावर एक, वरून नारळाचे माड, त्यातून विहिरीपर्यंत जायला कोयत्याने वाट काढावी लागली. सुपारीचं झाड लावलं की पीक हातात यायला वर्षं जातात, भाजीसारखं नाही की पुढच्या मोसमाला परत घेतलं. वीज यायलाही किती दिवस गेले. वर लॉकडाऊन. तेव्हा कुठल्या आडनावाचा ग्रुप आला होता? काही लोक आले, नाही असं नाही, पण त्यातले बरेच असे की ज्यांच्या आडनावाचा आणि गावाचा काही संबंध नव्हता, सुट्टीला येऊन जाणारे, घरगुती खानावळीत जेवलेले. माझ्या हिशोबी दिवेकर तेच.

देशावरचा_नाना:
रोठा भाऊ, वादळाचं दुःख आहेच, पण मदत करणं आणि वंश असणं या दोन गोष्टी कशाला एकत्र करता. उद्या कोणी पैसे दिले म्हणून तो आमच्या वंशावळीत येईल का?

रोठा_सुपारी:
वंशावळीत नको हो. गावाच्या नावाने मिरवता त्यात येईल.

मलिदा_ठाणे:
इतका वेळ वाचत होते, आता राहवत नाही. मी बेने इस्रायल, ठाण्याची, आमचं कर (गावावरून पडलेलं आडनाव) वेगळ्या गावाचं आहे, ते सांगत नाही. माझं मत दोन्ही बाजूंना आवडणार नाही. आम्हाला तुमच्या संमेलनाला यायचंच नाहीये.

का ते सांगते. आमच्यात पेणकर आहेत, रोहेकर आहेत, अष्टमकर, चेऊलकर, नवगावकर, आवासकर, किहीमकर, जवळजवळ सगळा रायगड जिल्हा आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावात शनिवार तेली म्हणायचे आम्हाला. त्यामुळे गावाशी नातं आम्हाला कोणी नव्याने शिकवायची गरज नाही. मलिदा करतो आम्ही अजून, भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं, एलियाहू हन्नाबीच्या (प्रेषित एलियाच्या) नावाने. त्यातलं खोबरं आणि पोहे कुठून आले? कोकणातूनच ना. अलिबागजवळच्या आमच्या कब्रस्तानात एकदा जाऊन बघा, दगडावर वर हिब्रू ओळी आणि खाली देवनागरीत नाव, बापाचं नाव, मग गावाचं कर. ऊन-पावसाने वरची अक्षरं झिजलीत, खालची बोट फिरवून वाचता येतात. बोलवणं करायची वेळ आता आठवली होय?

आणि नाना, तुम्ही रक्त-वंश म्हणताय त्याचा आमच्या लोकांना चांगला अनुभव आहे. १९४८ नंतर आमची माणसं इस्रायलला गेली, अश्दोद, दिमोना, लोद, रामला इकडे वसली. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) कार्यालयाने फर्मान काढलं की बेने इस्रायली माणसाचं लग्न बाहेरच्या ज्यूशी लावायचं असेल तर आधी आई, आजी, पणजी, जाईल तितकं मागे जाऊन वंश तपासा. आता कोकणातल्या तेल्याच्या घरात पणजीचा दाखला कुठून आणायचा? १९६४ ला लोक जेरुसलेमला जाऊन धरणं धरून बसले तेव्हा सरकारने जाहीर केलं की हे सर्वार्थाने ज्यू आहेत, काही शंका नाही. म्हणजे वंशाची वही मागणारे सगळीकडे आहेत. फक्त देव बदलतो.

सुपारीफुटाणे:
मलिदाताई, हे माहीत नव्हतं मला, १९६४ चं. पण मग बोलावलं तर यायला काय हरकत आहे? तुम्ही आलात तर नानांसारख्यांना निदान कळेल तरी.

मलिदा_ठाणे:
तेच तर नको आहे. नानांना कळावं म्हणून मी श्रीवर्धनपर्यंत एसटीने का जाऊ? तुमच्या संमेलनात मला स्टेजवर उभं करून "बघा आपले ज्यू बांधव" करतील, शाल-श्रीफळ देतील, पेपरात फोटो. आणि दुसऱ्या दिवशी पंगतीला कोण कुठे बसलं यावरून परत ग्रुपवर सुरू. त्यापेक्षा मी माझ्या घरी बरी. आमच्यातल्या कितीतरी घरांत तसंही कागदावर कर नसतंच, आजोबांचंच नाव आडनाव म्हणून चालतं, मोझेस, सॅम्युअल, डॅनियल. कर घरातल्या घरात ठेवलंय. आणि आमच्या इतिहासाची काळजी नको, हाईम सॅम्युअल किहीमकरांनी १८९७ मध्येच तो लिहून ठेवला, छापून यायला १९३७ उजाडलं आणि तेही तेल अवीवला, पण आला.

देशावरचा_नाना:
ताई, तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, गैरसमज नको. तुम्ही स्वतःच यायचं नाही म्हणताय म्हणजे प्रश्न मिटला की.

मलिदा_ठाणे:
मिटला कसा? मी यायचं नाही म्हणणं आणि तुम्ही बोलवायचं नाही म्हणणं एकच आहे का 🙄

भीमथडी_पाऊस:
सगळ्यात महत्त्वाचं कोणी बोलतच नाहीये. "मूळ गाव कोणतं" हा प्रश्न महाराष्ट्रात ९९ वेळा गावासाठी विचारला जात नाही. समोरच्याला जात हवी असते. आडनाव कर असलं की जात लपते म्हणून मग गाव, मग कुलदैवत, मग "तुमच्यात लग्नात काय पद्धत", अशी पायरी पायरीने उतरतात.

बाबासाहेबांचं घराणं सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेत नाव लागलं ते भिवा रामजी आंबेडकर. मधलं शिक्षकाचं वगैरे ते सगळ्यांना माहिती आहे, त्यात पडत नाही. मुद्दा असा की कर लावल्याने आडनावातून जात ओळखता येत नाही, ही त्या नावाची चांगली बाजू आहे. त्यामुळे दिवेकर ब्राह्मणही असतील, ज्यूही असतील, आणखी कोणी असतील, हा गोंधळ तसाच राहू द्या. तुमचा कुलवृत्तांत तो गोंधळ निस्तरायला निघालाय आणि म्हणून मला तो नको आहे. संमेलन करा, जेवा, समुद्रात पोहा. वही बंद ठेवा.

देशावरचा_नाना:
म्हणजे आता आम्ही पूर्वजांची नावंही लिहायची नाहीत? हे जरा जास्तच झालं. ज्यांना आपली वंशावळ माहीत नाही त्यांच्यासाठी ज्यांना माहीत आहे त्यांनी फाडून टाकायची? माझ्या काकांनी त्यात जन्म घातलाय.

भीमथडी_पाऊस:
फाडा कुठे म्हटलं. घरात ठेवा. गावाच्या नावाने प्रकाशन समारंभ करू नका एवढंच.

तिसरीघंटी:
मी दिवेकरांची लेक. लग्नानंतर आडनाव बदललं नाही, बँकेत अजून भांडते त्यावरून. नाना, तुमच्या काकांच्या पुस्तकात मुली असतात का हो? आमच्या जुन्या आवृत्तीत माझ्या आत्यांच्या नावापुढे नुसतं "कन्या ३" लिहिलंय. सख्ख्या रक्ताच्या तीन बायका, एक आकडा! आणि घरात आलेल्या सुनांची मात्र सासरची नावं, माहेरची कंसात, जिथे मिळाली तिथे. म्हणजे रक्ताचाही हिशोब नाही, बाप्यांचा हिशोब आहे. धागाकर्तीला तर तुमच्या नियमाने बोलवणंच नाही, आजोळ म्हणतेय ती. तरी ग्रुपमध्ये वर्गणी मागितलीच असेल.

सुपारीफुटाणे:
मागितली 😂 आणि "कन्या ३" वाचून अंगावर काटा आला, आमच्या आवृत्तीत आईच्या जागी पण असंच काहीतरी असणार, आज बघते.

देशावरचा_नाना:
नवीन आवृत्तीत मुलींची नावं घेणार आहोत, ठराव झालाय.

तिसरीघंटी:
मुलींच्या मुलांची?

देशावरचा_नाना:
त्यावर चर्चा चालू आहे.

दिवा_स्लो_लोकल:
बरं तो सगळा रक्त-गाव वाद बाजूला, त्या डाएटवाल्या ऋजुता दिवेकर तुमच्या कोणी लागतात का? माझी बायको विचारतेय, तूप खायचं की नाही ते.

सुपारीफुटाणे:
प्रत्येक दिवेकराला हा प्रश्न विचारला जातो. माझ्या माहितीत कोणीच काही लागत नाही. तूप खा.

तर मी आज ग्रुपवर हे टाकणार आहे: पत्रिकेवरचं "समस्त" काढा आणि "अमुक घराण्याचं कौटुंबिक संमेलन" लिहा. आणि शिल्लक वर्गणी कुलवृत्तांताच्या जाड कागदाला न घालता पोफळीच्या रोपांना द्या. रोठा भाऊ, रोपं कुठे मिळतात, काय भावाने पडतात, कोणाला द्यावी हे जरा व्यक्तिगत निरोपात कळवाल का?

रोठा_सुपारी:
कळवतो. पण पावसाच्या तोंडावर या, मे महिन्यात संमेलन करून रोपं देऊन जाल तर उन्हात मरतील सगळी.

देशावरचा_नाना:
पत्रिका छपाईला गेली आहे. आता शब्द बदलणार नाही. रोपांचं बघू, काकांना विचारतो.