मदत हवी आहे: गाडीचं फायबर काढलं, आता परत बसूनच नाही राहिलं

पांदणरस्ता (शनिवार, संध्या. ६.५०)
राजेहो, अर्जंट आहे. दुपारी मोटारसायकलचं उजवीकडचं फायबर, म्हणजे बाजूचं प्लास्टिकचं कव्हर, घरीच काढलं, साफसफाई केली, आता ते परत बसूनच नाही राहिलं. वरचे बोल्ट लावले की खालचं छिद्र बोटभर सरकते. खालचे आधी लावले तर टाकीजवळ फट राहते. शिवाय दोन बोल्ट हातातच उरतात. तीनदा खोललं, तीनदा लावलं, तेच. सोमवारी पहाटे बाबांना घेऊन यवतमाळला जायचं आहे. कोणी केलं असेल तर लवकर सांगा.

वणीकर
गाडी कोणती?

काळी माती
गाडी कोणती, काढलं कायले, आणि काढताना काही तुटलं का, हे तिन्ही सांग. फोटो टाक.

पांदणरस्ता
यामाहाची आर१५. फोटो चढून नाही राहिला, इथं नेटवर्कची एकच काडी आहे.

वणीकर
आर१५ कोणती भाऊ? पहिली २००८ ची, व्ही२ २०११ ची, व्ही३ २०१८ ची. तिन्हीचे पॅनल वेगळे आहेत.

पांदणरस्ता
व्ही२, सेकंड हँड घेतलेली. वावरातून येताना पुढच्या चाकाचा सगळा चिखल रेडिएटरवर जाऊन बसला होता. वाळून दगड झाला. त्याचा पंखा थांबायचं नावच घेत नव्हता म्हणून खोललं. फायबरचा एक कान, बोल्ट जाते ती पट्टी, तुटला आहे, पण तो आधीचाच असावा.

झेडएमआर प्रेमी
मी २००९ ची करिझ्मा झेडएमआर आजही चालवतो. इतक्या वर्षांत फायबरला स्वतः हात लावला नाही. हे काम शोरूमचंच. गाडी तिथे ने आणि मोकळा हो.

पांदणरस्ता
शोरूम ४८ किलोमीटर आहे भाऊ, आणि उद्या रविवार.

बोंड आणि बुलेट
खरं सांगू? पावसाळाभर फायबर काढूनच ठेव. आमच्याकडच्या चिखलात ते कामाचं नाही. पऱ्हाटीच्या डवरणीच्या दिवसांत तर चाकच फिरत नाही. माझ्या गाडीला काहीच नाही, पाण्याचा पाइप मारला की झालं.

काळी माती
तुझी गाडी हवेवर थंड होते, त्याची पाण्यावर. फायबर नुसतं दिसायला नसते, रेडिएटरमधून निघालेली गरम हवा बाजूला काढून देते. ते काढून रेडिएटर उघडा ठेवला तर पुढचा गोटा थेट त्यावरच बसेल. आणि पांदणरस्ता, रेडिएटर धुतला कशानं?

पांदणरस्ता
फवारणीच्या पंपानं. का?

काळी माती
तणनाशकाचा पंप असेल तर आधी सगळं साध्या पाण्यानं धुऊन काढ. आणि जोराची धार समोरून मारत नको जाऊ, जाळीची पानं वाकतात. मागून पुढं, हळू पाणी सोडायचं, म्हणजे चिखल आला त्याच वाटेनं बाहेर जाते.

दिग्रसचा मिस्त्री (रात्री ९.१५)
काय गा, सगळे भलतीकडेच चालले. पोराचं फायबर बसून नाही राहिलं ते पाहा ना.
पांदणरस्ता, उरलेले दोन बोल्ट बाकीच्यांपेक्षा आखूड आहेत का? आणि बोल्टच्या छिद्रात रबर होतं, रबरात लोखंडी नळी होती, ती प्रत्येक ठिकाणी आहे का?

पांदणरस्ता
हो, आखूड आहेत! नळी दोन ठिकाणी आहे, तिसऱ्या ठिकाणी नुसतं रबर.

दिग्रसचा मिस्त्री
मग समजलं. लांब बोल्ट आखूडच्या जागी गेला आहे, तो आतल्या पॅनलला टेकून बाहेरचं ढकलते. असा कर.
सगळं खोल. आधी आतली काळी पट्टी लाव, आखूड बोल्ट बहुतेक तिचेच. मग बाहेरचं फायबर. त्याच्या मागे खुंट्या असतात, त्या रबरात बसायला पाहिजेत. रबराला साबणाचं पाणी लाव. डिझेल-पेट्रोल बिलकूल नाही, रबर फुगते. खुंटी बसली की टक असा आवाज येते. आवाज नाही आला तर बसली नाही.
सगळे बोल्ट हातानं दोन-तीन आटे घालून सोड. एकही आवळू नको. सगळे धरले की मग आवळ, तेही बोटांच्या जोरानं. नळी नसताना आवळलं की रबर दबते आणि कान तुटते. तुझा कान आधीचा नाही, आजचा आहे.
काळ्या बटण-क्लिपा असतील तर बसवताना मधली कळ वर काढ, क्लिप घाल, मग कळ सपाट दाब.
मी खोलतो तेव्हा बियाण्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर फायबरचा आकार काढतो आणि ज्या जागचा बोल्ट त्या जागी खोचतो. पुठ्ठा जपून ठेवतो.

वणीकर
तुटलेल्या कानाला इन्स्टंट गोंद आणि खाण्याचा सोडा लाव. मिनिटात दगड होते.

काळी माती
दगड होते म्हणूनच तडकते. फायबरच्या मागून पाहा, एबीएस लिहिलं आहे की पीपी, ही प्लास्टिकची नावं आहेत. एबीएस असेल तर त्याच प्लास्टिकचा चुरा असिटोनमध्ये विरघळवून भर. पीपीवर असिटोन चालत नाही.

वणीकर
खेड्यात रात्री असिटोन कुठून आणेल तो? माझा जोड तीन वर्षं टिकला आहे.

दिग्रसचा मिस्त्री
दोन्ही राहू द्या. मी सोल्डरिंगच्या गरम टोकानं मागचं प्लास्टिक वितळवून त्यात बारीक तारेची जाळी बसवतो. पण ते निवांत, मोकळ्या हवेत करायचं काम आहे. सोमवारी एका कानावाचून गाडी जाते.

शेंबाळपिंपरी
ऑइल कधी बदललं होतं? गरम होते तर ऑइल पाहा.

पांदणरस्ता (रविवार, दुपारी १.३०)
मिस्त्री भाऊ, बसलं! नळी सापडत नव्हती. काल धुतलेल्या चिखलाचं घमेलं न्हाणीजवळच होतं. आईची गव्हाची चाळणी मागून सगळा गाळ चाळला, तळाशी नळी निघाली. चार टक आवाज मोजले. टाकीजवळची फट गेली. पण हॉर्न वाजून नाही राहिला.

दिग्रसचा मिस्त्री
हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा. कुठं वायर ताणते का?

पांदणरस्ता
उजवीकडे वळवलं की अडते. वायर पॅनलखाली दबली होती आणि हॉर्नची पिनही निघालेली. पुन्हा तीन बोल्ट काढून सोडवली. आता हँडल मोकळं, हॉर्न वाजते.

काळी माती
हे फार बरं केलं. बाबा मागे बसलेले असताना हँडल अडलं असतं तर काय झालं असतं. निघायच्या आधी लाइटही पाहून घे.

पांदणरस्ता (सोमवार, रात्री ८.०५)
जाऊन आलो. पंखा मधूनमधून लागला आणि बंद झाला. फायबर वाजलं नाही. बाबांचं कामही झालं. मिस्त्री भाऊ, पोळा झाल्यावर कान जोडायला दिग्रसले येतो. पुठ्ठा करून ठेवला आहे.

सेमी फेअरिंग २२०
माझ्या पल्सरच्या हेडलाइटमध्ये पाणी जाऊन राहिलं, तेही फायबर खोलूनच करा लागते का?

दिग्रसचा मिस्त्री
वर्ष कोणतं? आणि पाणी आहे की नुसती वाफ?