भट्ट्यांच्या तापमान नियंत्रकांसाठी आरएस-४८५ जोडणी

अंबड एमआयडीसीतील आपल्या कारखान्यात सहा भट्ट्यांचे तापमान नियंत्रक एकाच संगणकाला जोडण्यासाठी आरएस-२३२ (उपकरणे तारांनी जोडून माहिती पाठवण्याची एक पद्धत) पुरेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते नाही. ती जोडणी एका पोर्टवर एकाच उपकरणाशी होते आणि साधारण १५ मीटरपलीकडे तिच्यावर विसंबता येत नाही. आरएस-४८५ या तशाच दुसऱ्या पद्धतीत पीळ दिलेल्या दोन तारांवर ३२ उपकरणे, तीही कमी वेगाने सुमारे १,२०० मीटरपर्यंत, चालू शकतात. पाठवायला आणि घ्यायला वेगळ्या जोड्या ठेवणारा चार तारांचा पर्यायही सुचवला गेला आहे. पण मॉडबस आरटीयूमध्ये (संगणक व नियंत्रक यांच्या संवादाच्या नियमांत) नियंत्रक संगणकाने विचारल्याशिवाय बोलतच नसल्याने तो खर्च मला अनाठायी वाटतो.

मात्र केबल एका नियंत्रकातून पुढच्या नियंत्रकाकडे अशी सलग न्यावी, मध्येच लांब फाटे फोडू नयेत, आणि १२० ओमचे रोधक फक्त दोन टोकांना लावावेत. दोन तारांच्या ए आणि बी या खुणा सर्वच उत्पादक एका अर्थाने वापरत नाहीत (हा घोळ फार जुना आहे), त्यामुळे नियंत्रकाचा पत्ता (क्रमांक), वेग व पॅरिटी (चूक ओळखण्यासाठीचा जादा बिट) तपासूनही उत्तर येत नसेल, तर या दोन तारांची अदलाबदल करून पाहावी. हीटरच्या पॉवर केबलच्या डक्टमधून ही केबल मुळीच नेऊ नये.