मुंग्यांच्या रांगेत कोंडी का होत नाही?

कृष्णाकाठ (सांगली): गुळाच्या रव्यापासून भिंतीच्या फटीपर्यंत काळ्या मुंग्यांची रांग लागलीय. जेमतेम बोटभर रुंद, त्यातूनच जाणाऱ्या आणि येणाऱ्याही. समोरासमोर आल्या की मिशा लावतात, अंग चोरतात, निघाल्या. सीझनला कारखान्याच्या गेटवर ट्रॉल्या अडकून पडतात, मग इथं कोंडी का नाही? जायची-यायची लेन वेगळी असते का?

अजिंक्यतारा: घरातल्या मुंग्या मिसळूनच चालतात. ठळक लेन दिसते ती अमेरिका खंडातल्या लष्करी मुंग्यांत: भक्ष्य घेऊन परतणाऱ्या मधोमध, बाहेर पडणाऱ्या दोन्ही कडांनी. ओझेवाली फारशी वळत नाही, रिकामी चटकन बाजूला होते. एवढ्यावरच पट्टे पडतात.

कोंडीचं उत्तर २०१९ च्या प्रयोगात आहे. अर्जेंटाइन मुंग्यांच्या ४०० ते २५,६०० च्या वसाहती घेतल्या, वारूळ आणि खाद्य यांच्यामध्ये ५, १० आणि २० मिमी रुंदीचे पूल टाकले. पुलाचा ८० टक्के भाग भरला तरी प्रवाह घटला नाही. माणसांची चाल ४० टक्क्यांच्या आसपासच मंदावते. फार दाटी झाली की नवी मुंगी पुलावर चढतच नाही. माझ्या मते सगळी गोम इथंच आहे.

हळदपेठ: आणि वाट दुभंगली तर? २००४ मध्ये युरोपातल्या काळ्या बागमुंगीवर हे पाहिलं. १० मिमीच्या दुहेरी पुलावर जवळपास सगळ्या एकाच फाट्यानं गेल्या, कारण मुंग्या चालताना जमिनीवर सोडतात ती वासाची रेघ तिथंच दाट होते. फाटे अरुंद केल्यावर मात्र परतणारी मुंगी समोरच्या मुंगीला धक्का देऊन दुसऱ्या फाट्यावर वळवायची. दोन्ही वाटा वापरात आल्या, एकूण वाहतूक तेवढीच राहिली.

घरी करायचं तर एकाच पुठ्ठ्यातून मधे भोक असलेला, पत्त्यातल्या चौकटसारखा आकार कापा, म्हणजे वाट दोन फाट्यांत फुटून पुन्हा एक होते. एक पूल १० मिमी फाट्यांचा, एक ३ मिमीचा. डिंकाचा जोड नको, वासाला बिचकतात. हातही हळदीचे नकोत. गुळाचं पाणी पाण्याच्या ताटलीत उपड्या ठेवलेल्या वाटीवर ठेवा, म्हणजे पुलाशिवाय वाट उरत नाही. रांग स्थिरावल्यावरच दर मिनिटाला प्रत्येक फाट्यावरच्या मोजा.

कृष्णाकाठ (सांगली): ३ मिमीवरही सगळ्या एकाच बाजूनं चालल्यात.

हळदपेठ: गर्दी कमी पडतेय. धक्काच लागत नसेल तर वास जिंकतो. गुळाचा रवा झाकून ठेवा, म्हणजे सगळ्या पुलाकडं वळतील. आणि दुसऱ्या वेळी नवा पुठ्ठा घ्या, जुन्यावर कालची रेघ असते.