वाचकांच्या मतांवरची कथास्पर्धा : लिहिणाऱ्यांचे, घेणाऱ्यांचे, मोजणाऱ्यांचे अनुभव

कथेला बक्षीस द्यायचं ते परीक्षकांनी, ही आपल्याकडची जुनी सवय. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेची दिवाळी सुरू आहे, पण वाचकाचा कौल बहुधा संपादकाला आलेल्या पत्रांतच राहिला. आता मुंबईतल्या कितीतरी मंडळांना आणि अंकांना नवोदितांसाठी वाचकांच्या मतांवर स्पर्धा घ्यायची असते. मुद्दा असा की, अशा स्पर्धेत कथेला मत मिळतं की कथाकाराच्या फोनमधल्या नंबरांना, हे नियम लिहितानाच ठरून जातं. म्हणून हा धागा. ज्यांनी अशा स्पर्धांसाठी लिहिलं, त्या घेतल्या, मतं मोजली, त्यांनी कामाचं लिहावं : किती, कसं, कुठे फसतं आणि का. स्वतःच्या हारजितीचे किस्से नकोत.

कथाकार, नालासोपारा

सुरुवात लांबीपासून करू. परीक्षक टेबलाशी बसून वाचतो, मत देणारा वाचक गाडीत उभा राहून. मिनिटाला दीडशे शब्द धरले तर २००० शब्दांच्या कथेला तेरा-चौदा मिनिटं लागतात. दादर ते ठाणे धीम्या गाडीने साधारण चाळीस मिनिटं, म्हणजे गर्दी, स्टेशनं, फोन सगळं धरून अशा दोन कथा सुखाने होतात. ४००० शब्दांची कथा मध्येच तुटते आणि तुटलेली कथा संध्याकाळी पुन्हा उघडणारे थोडे. मर्यादा ३००० ची असली तरी १८०० ते २२०० मध्ये बसणारी कथा निवडावी. मात्र ३५०० ची कथा कापून २००० वर आणू नका. कापताना नेहमी दुय्यम पात्रं जातात आणि त्यांच्यावर उभा असलेला शेवट लटका पडतो. लहान जीवाची कथा वेगळीच सुचावी लागते : एक प्रसंग, फार तर दोन जागा, तीन पात्रं.

पहिले शंभर शब्द फोनच्या एका पडद्यावर मावतात. तिथे पहाट, पाऊस, खिडकीतला चहा यातच पडदा संपला तर वाचक पुढच्या कथेकडे जातो. त्या शंभर शब्दांत कोण आहे, कुठे आहे आणि त्याचं काय अडलंय, एवढं आलं पाहिजे. परिच्छेद चार-पाच ओळींचे ठेवा, छापील पानावर देखणा दिसणारा पंधरा ओळींचा परिच्छेद फोनवर भिंतीसारखा उभा राहतो.

शीर्षकाबद्दल एकच. ‘ती’, ‘वळण’, ‘सावली’, ‘ऋणानुबंध’ ही शीर्षकं दर स्पर्धेत असतात. दहा कथा वाचून मत द्यायला बसलेल्या माणसाला शीर्षकावरून कथा आठवली पाहिजे. कथेतली एखादी वस्तू किंवा जागा शीर्षकात आणा.

मुद्रितशोधक, डोंबिवली

शुद्धलेखनावरून वाचक मत नाकारत नाही असं लोक म्हणतात. तो नाकारत नाही, पण अडखळतो, आणि तिसऱ्यांदा अडखळला की कथेवरचा विश्वास उडतो. साहित्य महामंडळाचे नियम एकूण अठरा, चौदा १९६२ चे आणि चार १९७२ चे. एका बैठकीत वाचून होतात. सर्वांत जास्त चुका दोन जागी सापडतात : ‘कि’ आणि ‘की’, आणि निवेदनातली सरमिसळ. एका वाक्यात ‘त्याने दार उघडले’, पुढच्यात ‘तिने पाहिलं’. दोन्ही रूपं चालतात, पण एक निवडा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. संवादांना हे बंधन नाही. पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायला नियमांतच मुभा आहे. आगरी, मालवणी बोलणाऱ्या पात्राला प्रमाण मराठीत आणू नका.

आता टंकाचं, म्हणजे फॉन्टचं. जुन्या टंकात टाइप केलेली फाइल वेबसाइटवर गेली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो. परिवर्तकातून (टंक बदलणाऱ्या साधनातून) ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत आणली तर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात. परिवर्तनानंतर याच तीन गोष्टींसाठी पूर्ण वाचन करा.

‘ऱ्य’ वेगळा तपासा. ‘आचाऱ्यांना’ लिहिताना साधा र घेतला की ‘आचार्यांना’ होतं, आणि स्वयंपाकघरातला माणूस थेट मठात पोचतो. फोनवर ऱ साध्या र वर बोट दाबून धरलं की मिळतो.

शीर्षकात ॲ असेल तर संयोजकांना आधीच सांगा. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आलं. त्याआधीच्या सवयीने अनेक जण अ वर चंद्र देऊन ते लिहितात. दिसायला दोन्ही सारखी, पण एका पद्धतीने शोधलं तर दुसरी सापडत नाही, आणि वाचकाला वाटतं कथा यादीतून काढली.

मतमोजणी आणि वेबसाइटचं काम, अंधेरी

आधी क्रम. बारा कथांची यादी एकाच क्रमाने सगळ्यांना दाखवली तर वरच्या तीन-चार जास्त उघडल्या जातात. अकारविल्हे लावली तर ‘अ’वाल्यांचा फायदा. रोज क्रम बदलूनही उपयोग होत नाही, कारण मतं सारखी येत नाहीत, पहिल्या आणि शेवटच्या दोन दिवसांत लोंढा असतो आणि त्या दिवशी वर असलेल्या कथेचं फावतं. प्रत्येक वाचकाला वेगळा क्रम दाखवणं हाच उपाय.

दुसरं, मत देण्याचं बटण यादीत ठेवू नका, कथेच्या शेवटी ठेवा. कथा न उघडता दिलेली मतं एवढ्यानेच पुष्कळ कमी होतात.

तिसरं, पाचपैकी तारे देऊन सरासरी काढणं. एका कथेला ९ मतं, सरासरी ४.९. दुसरीला २४० मतं, सरासरी ४.३. सरळ सरासरीने पहिली जिंकते, म्हणजे नऊ नातेवाईक पुरतात. उपाय सोपा : प्रत्येक कथेच्या खात्यात आधीच ३० काल्पनिक मतं टाकायची, सगळ्या कथांच्या मिळून जी सरासरी असेल त्या किमतीची. ती ३.८ धरली तर पहिली येते ४.०५ वर आणि दुसरी ४.२४ वर. ३० हा आकडा स्पर्धेआधी जाहीर करा, निकाल लागल्यावर सांगितलात तर भांडण होणारच.

चौथं, आणि यावर मी हट्टाने लिहितो. पहिली, दुसरी, तिसरी पसंती आणि त्यांना ३, २, १ गुण ही पद्धत लोकांना फार न्याय्य वाटते. हिशेब करून पाहा. कथा ‘क’ला १८० पहिल्या पसंत्या, १० दुसऱ्या, १० तिसऱ्या. कथा ‘ख’ला ९० पहिल्या, ८० दुसऱ्या, ६० तिसऱ्या. ‘क’चे गुण ५७०, ‘ख’चे ४९०. पण ‘क’ला हात लावणारे वाचक २००, ‘ख’ला २३०, आणि ‘क’ला ओळखीबाहेरच्या माणसांनी जवळजवळ विचारलंच नाही, हे तिच्या दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीवरून दिसतं. म्हणून प्रत्येक वाचकाने तीन कथांवर खूण करायची आणि तिन्ही खुणा समान मोजायच्या. या पद्धतीत ‘ख’ पुढे जाते. समर्थक आपल्या कथेसोबत मुद्दाम दोन कमकुवत कथांवर खुणा करतात हे खरं, पण ते प्रत्येकजण वेगळ्या कमकुवत कथांवर करतो, त्यामुळे ती मतं विखुरतात. तीनपेक्षा कमी खुणांचं मत बाद, हा नियम मात्र हवाच.

चालू मोजणी कधीही दाखवू नका. आकडे दिसले की वाचन थांबतं आणि पाठलाग सुरू होतो.

बनावट मतं अडवण्यासाठी एका आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) एकच मत असा नियम लावणारे अजून भेटतात. मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच पत्त्यामागे ठेवतात, शिवाय कॉलेज, ऑफिस, सोसायटीचं वाय-फाय एकच असतं. खरी मतं बाद होतात आणि चार सिमकार्डं असलेला सुटतो. मोबाइलवर ओटीपी बरा. पण एसएमएसने तो पाठवायचा तर दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांप्रमाणे संस्थेची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मजकुराच्या नमुन्याची डीएलटी या एसएमएसच्या नोंदणी यंत्रणेवर नोंदणी लागते. ते काम मतदानाच्या आदल्या आठवड्यात होत नाही, महिनाभर आधी हातात घ्या. परदेशातल्या मराठी वाचकांसाठी ईमेलवर ओटीपीची सोय ठेवा.

वाचनालय, मुलुंड

वरच्या सगळ्यांनी फोनचा वाचक धरलाय. दिवाळी अंकातल्या कथांवर मत मागायचं तर वाचनालयाचा वाचक विसरू नका. मुंबईतली वाचनालयं दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी घेतात आणि एकेक अंक कितीतरी महिने घरोघर फिरतो. अंकात मतपत्रिका छापून ३० नोव्हेंबरची मुदत दिलीत तर हा सगळा वाचक बाहेर पडला. शिवाय पत्रिका पहिलाच वाचक फाडून नेतो, आणि तिच्या मागच्या पानावर कथेचा शेवट छापलेला असला तर पुढचे सगळे चिडतात.

आम्ही सुचवतो ते असं : मुदत किमान जानेवारीअखेर, पत्रिका अंकात न छापता वाचनालयाला ५० सुट्या चिठ्ठ्या, काउंटरवर कुलूप असलेली पेटी, चिठ्ठीवर सभासद क्रमांक. क्रमांकामुळे एका सभासदाचं एकच मत मोजता येतं. चिठ्ठीवर कथेचं नाव छापून शेजारी चौकोन ठेवा. नाव लिहायला सांगितलं तर ज्येष्ठ वाचक ‘ती विहिरीची गोष्ट’ असं लिहितात आणि अंकात विहिरी दोन निघतात.

टपालाने मतं मागवायची असतील तर स्पर्धांसाठी पोस्टाचं वेगळं दहा रुपयांचं कार्ड आहे. साधं ५० पैशांचं कार्ड त्यासाठी नाही. हे माहीत नसल्याने लोक साधीच कार्डं पाठवतात. अटींमध्ये स्पष्ट लिहा.

मतं कशी मागावीत, यावर : कथाकार, परळ

मतं मागण्यात कमीपणा नाही. कसं मागतो यावर सगळं आहे. ‘माझ्या कथेला मत द्या’ असं लिहिलंत की माणूस कथा न वाचता बटण शोधतो. कथेतली सर्वांत जिवंत तीन-चार वाक्यं पाठवा, खाली लिंक, आणि ‘वाचून आवडली तर मत द्या, बाकीच्याही वाचा’. मेसेज लांबला की व्हॉट्सॲप तो ‘आणखी वाचा’पाशी तोडतं आणि लिंक दिसेनाशी होते.

ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात, पण मेसेज पोचतो तो तुमचा नंबर ज्यांनी जपून ठेवलाय त्यांनाच. बरेच नवे लेखक २५६ मतं गृहीत धरून बसतात. फॉरवर्डही एका वेळी पाच ठिकाणीच जातो, आणि खूप फिरलेला असेल तर एकाच ठिकाणी. त्यामुळे सोसायटीच्या मोठ्या ग्रुपवर टाकण्यापेक्षा ज्यांना वाचायची सवय आहे अशा तीस जणांना नावाने, वेगवेगळं लिहा. मतदान सुरू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकदा आणि शेवटच्या दिवसाआधी एकदा, एवढंच. गणपतीत मतदान ठेवलं असेल तर संयोजकांना तारीख बदलायला सांगा : निम्मे वाचक कोकणातल्या गावी असतात आणि तिथे रेंज शोधत माळावर जावं लागतं.

हक्कांबद्दल : वकील, ठाणे

प्रवेशिकेवर ‘सर्व हक्क संयोजकांकडे’ ही ओळ असली तर थांबा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क द्यायचे तर लेखी आणि देणाऱ्याच्या सहीनेच. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. कथा तुमची आहे हे ठरायला नोंदणी लागत नाही. स्पर्धेला खरोखर लागतं ते एवढंच : ती कथा त्या अंकात किंवा वेबसाइटवर एकदा प्रसिद्ध करण्याची परवानगी. तेवढीच द्या आणि तसं लिहून द्या.

स्वतःच्या फेसबुकवर टाकलेली कथा बहुतेक ठिकाणी पूर्वप्रकाशित धरतात, नंतर खोडली तरी. मतदानासाठी संपूर्ण मजकूर स्टेटसला टाकणंही टाळा. लिंकच द्या.

कथास्पर्धा संयोजन, दादर

कथाकारांची नावं झाकून मतदान घेण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. कथांवर नावं छापू नका असं आम्हीही म्हणत होतो, पण मतं मागायची मुभा दिली की निनावीपणा पहिल्याच दिवशी संपतो. दोन्ही एकत्र चालत नाही, एक निवडा. माझा कल दोन टप्प्यांकडे आहे. पहिली चाळणी तीन वाचकांची, नावं झाकून, प्रत्येकाने स्वतंत्रपणे वाचून. ८० कथा आल्या तर दिवसाला पाच वाचून सोळा दिवस लागतात, त्याहून घाई केली की शेवटच्या वीस कथांवर अन्याय होतो. त्यातून आठ कथा मतदानाला, नावांसकट. बारा ठेवल्या तर सगळ्या वाचणारे फारच कमी उरतात.

समान मतं पडली तर काय, हे अटींमध्ये लिहून ठेवा. बक्षीस वाटून देणं सर्वांत बरं. चिठ्ठी टाकू नका, लिहिणाऱ्याला ते फार लागतं.

आणि मतपत्रिकेवर एक ओळ रिकामी ठेवा : ‘कथेतलं काय लक्षात राहिलं?’ सक्ती नको. निकालानंतर या ओळी नाव काढून त्या त्या कथाकाराला पाठवायच्या, आठव्या आलेल्यालाही. टाइप करायला दोन माणसांचे दोन दिवस जातात, ते वेळापत्रकात आधीच धरा, नाहीतर बक्षीस समारंभाच्या धावपळीत हे काम राहून जातं आणि चिठ्ठ्या कपाटात पडून राहतात.