स्प्रे पेंटिंगच्या कामानं मूत्राशयाचा कॅन्सर होतो का? डॉक्टर तंबाखूच्या खर्र्यावरच अडून बसले

हिंगणारोडचा_पोट्टा:
माझे मोठे भाऊजी हिंगणा एमआयडीसीत २३ वर्षं स्प्रे पेंटर. मार्चमध्ये लघवीत रक्त दिसलं, दुखत काहीच नव्हतं म्हणून दीड महिना कोणाला सांगितलंच नाही, मग दुर्बिणीनं पाहिलं तर मूत्राशयात गाठ निघाली, कॅन्सर. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, खर्रा खाता का? हो म्हणले, की संपलं. काम काय करता हे कोणी विचारलंच नाही. आता लहान भाऊ पण त्याच शेडमध्ये लागलाय. पेंट, थिनरचा यात हात असतो का? त्याची काही टेस्ट करून घ्यावी का?

बुटीबोरी_शिफ्टवाला:
असतो. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था आहे ना, तिनं १९८९ मध्येच पेंटरचं काम पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे कॅन्सर होतो असा पक्का पुरावा असलेल्या गटात. पेंटरच्या बाबतीत फुप्फुस आणि मूत्राशय, दोन्ही. रंगाच्या धंद्यातलं तर फार जुनं आहे, १८९५ मध्ये जर्मनीच्या रेन नावाच्या सर्जननं कापडाचे रंग (डाय) बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांच्या मूत्राशयातल्या गाठींबद्दल लिहिलं होतं. यातले बरेच विषारी पदार्थ शरीरातून लघवीवाटे बाहेर पडतात अन् तिथं तासन्‌तास साचून राहतात, म्हणून तो अवयव सापडतो. आणि हे लगेच दिसत नाही, पंधरा-वीस वर्षांनी दिसतं, तोवर माणूस दोन कंपन्या बदलून बसलेला असतो.

नंदनवन_काका:
खर्रा सोडून कोणाले दोष देऊन रायले बाप्पा? आमच्या गल्लीतले अर्धे खर्रा खातात, सगळ्यांले थोडीच मूत्राशयाचा कॅन्सर झाला!

बुटीबोरी_शिफ्टवाला:
काका, तुमचंच वाक्य उलटं वाचा, खर्रा खाऊनही सगळ्यांना होत नाही, म्हणजे कारण दुसरंही असू शकतं. खर्रा, बिडी सुटायलाच पाहिजे, बिडी-सिगरेट तर मूत्राशयाला पण लागते, त्यात वाद नाही. पण थिनरनं हात धुवून त्याच हातानं खर्रा घोटणारा माणूस मी रोज पाहतो, दोन्ही एकाच तोंडात जातं. आणि कापडी नाहीतर धुळीचा मास्क वाफेला काही करत नाही, कार्बनच्या कार्ट्रिजवाला लागतो, तोही वेळेवर बदलावा लागतो.

वॉर्डातली_ताई:
लहान भावाबद्दल. लघवीत रक्त एकदा जरी दिसलं, दुखो न दुखो, त्याच आठवड्यात युरॉलॉजिस्टकडे. लक्षण नसताना उगाच स्कॅन करत बसू नका. थिनरमध्ये बेंझिन असेल तर रक्ताच्या कॅन्सरचीही भीती असते, म्हणून सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) वेळोवेळी करून रिपोर्ट जपून ठेवा. आणि भाऊजींच्या केसपेपरवर "२३ वर्षं स्प्रे पेंटर" हे डॉक्टरांना सांगून लिहून घ्या, तोंडी सांगून काही होत नाही.

वकीलबाबू_सदर:
ताईंचं बरोबर. १९४८ च्या कारखाने कायद्यात सरकारला कळवायच्या रोगांची यादी होती, त्यात व्यवसायातून होणारा कॅन्सर होता आणि डॉक्टरनं तो कळवायचा असे, त्याच्या जागी आलेल्या कामगार सुरक्षेच्या नवीन कोडातही अशी यादी आहे. पुरावा म्हणून पीएफ पासबुक काढा, कोणत्या वर्षी कोणत्या मालकाकडे होते ते त्यात दिसतं. ईएसआयचा (कामगार विम्याचा) नंबर असेल तर तोही सोबत. ठेकेदाराच्या हाताखाली होते का?

हिंगणारोडचा_पोट्टा:
हो, २३ वर्षांत चार ठेकेदार झाले. पासबुक काल काढलं, मधली सात वर्षं गायबच आहेत, पीएफ कापलाच नव्हता म्हणे. थिनरच्या कॅनवर लेबल पण नाही, खुल्या पत्र्याच्या डब्यात येतं.

बुटीबोरी_शिफ्टवाला:
त्या डब्याचा फोटो काढून ठेव. मालाची सेफ्टी डेटा शीट मागा, आठव्या भागात मास्क-हातमोजे, अकराव्या भागात विषारीपणा लिहिलेला असतो. देत नसतील तर औद्योगिक सुरक्षा संचालनालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. लहान्याला आजच सांग, हात साबणानं धू.

नंदनवन_काका:
बरं, त्या सात वर्षांत संग काम करणारे कोणी जिवंत हायेत का? त्यांचं लिहून घेजो.