मदत हवी आहे: यकृताच्या नव्या पेशीला आपलं काम कसं कळतं?

नमस्कार मंडळी,

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांना तिच्या आत्याने यकृताचा भाग दिला. परवा मुलीने विचारलं, "मॅडम, आत्याचं यकृत परत वाढलं म्हणतात, पण त्या नव्या पेशींना त्यांचं काम कोण सांगतं?" मी वरवरचं उत्तर दिलं आणि तेव्हापासून चैन नाही.

वाचलेलं मांडते, चुकलं तर सांगा. कापलेला लोब पुन्हा उगवत नाही, उरलेला भाग मोठा होतो. एचजीएफ, ईजीएफ, आयएल-६ यांसारखे संकेत पेशींना विभाजनाला लावतात. इथवर ठीक.

अडतं ते पुढे. सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या यकृतपेशी सारख्याच वाटतात, पण कामं वाटलेली आहेत. पोर्टल व्हेनच्या (आतड्याकडून रक्त आणणाऱ्या शिरेच्या) बाजूच्या पेशी अमोनियाचा युरिया करतात. त्यातून निसटलेला अमोनिया सेंट्रल व्हेनला (रक्त बाहेर नेणाऱ्या शिरेला) खेटून असलेले एक-दोन थर पकडतात, कारण अमोनियापासून ग्लुटामिन बनवणारं विकर, ग्लुटामिन सिंथेटेज, फक्त तिथेच असतं. त्या शिरेच्या अस्तरातून विंट नावाचा, पेशीचं काम ठरवणारा संकेत सुटतो, म्हणून. २००६ मध्ये उंदरांच्या यकृतात या संकेताचा एपीसी नावाचा ब्रेक काढला, तर पोर्टल बाजूच्या पेशीही ग्लुटामिन सिंथेटेज बनवू लागल्या! म्हणजे पेशी कोणाच्या पोटी जन्मली यापेक्षा ती कुठे बसली आहे हे महत्त्वाचं, असं मुलांना सांगितलं तर चालेल का?

दुसरं, २०१५ चं संशोधन म्हणतं की सेंट्रल व्हेनजवळच्या, अ‍ॅक्सिन२ जनुक चालू असलेल्या पेशी हळूहळू बाकीच्यांची जागा घेतात. २०२१ चं म्हणतं, दोन शिरांमधल्या मधल्या पट्ट्यातल्या. कोणतं धरू?

प्रतिसाद १

ताई, पहिलं खुशाल सांगा. फक्त "एकदा बसली की झालं" असं नाही, संकेत सतत यावा लागतो. २०१४ मध्ये उंदरांच्या प्रौढ यकृतपेशींत वायएपी नावाचं, जनुकं चालू करणारं प्रथिन सक्रिय केलं, तर त्या पित्तनलिकेच्या पेशींसारख्या होऊ लागल्या.

दुसऱ्यात मी मधला पट्टा धरेन. २०१५ च्या उंदरांत पेशींवर खूण करण्यासाठी अ‍ॅक्सिन२ जनुकाची एक प्रत मोडलेली होती, आणि अ‍ॅक्सिन२ स्वतःच विंटचा ब्रेक! २०२० मध्ये जनुक शाबूत ठेवून पाहिलं तेव्हा त्या पेशींचा वाटा मर्यादित निघाला.

मुलांना पॅरासिटामॉलचं उदाहरण द्या. अतिमात्रेत सेंट्रल व्हेनभोवतीच्या पेशी मरतात, कारण औषधाचं विष करणारं सीवायपी२ई१ हे विकर तिथेच जास्त. मग शेजारच्या पेशी वाढत तिथे पोचतात आणि त्यांच्यातल्या शिरेला टेकलेल्या पेशी ग्लुटामिन सिंथेटेज बनवू लागतात.