सिव्ह ६ : मॅरेथॉनशिवाय लढाईत राम नाही (काथ्याकूट)

बारवकाठ

गणपतीच्या सुट्टीत कोथरूडला आमचा चौघांचा लॅन गेम ठरलाय. सिव्हिलायझेशन ६, म्हणजे आपापला देश अश्मयुगापासून वाढवत नेण्याचा कॉम्प्युटर गेम, दोन्ही एक्स्पान्शनसकट (मूळ गेमला जोडलेले वाढीव भाग). नकाशा ठरला, कोण कुठला देश घेणार ते ठरलं, एक्स्टेंशन बोर्ड कोण आणणार तेही ठरलं. घोडं अडलंय स्पीडवर, म्हणजे खेळ एकूण किती टर्नांत (पाळ्यांत) बसवायचा त्यावर. एक मेंबर क्विकवर अडून बसलाय, आणि क्विक असेल तर मी येत नाही असं मी ग्रुपवर सांगून टाकलंय. तिथे एका ओळीत भांडता येतं, मुद्दा मांडता येत नाही, म्हणून इथे सविस्तर.

जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑनलाइन २५० टर्न, क्विक ३३०, स्टँडर्ड ५००, एपिक ७५०, मॅरेथॉन १५००. इ.स.पू. ४००० ते इ.स. २०५० एवढा पल्ला त्यात बसवायचा. शोध, इमारती, सैन्य या सगळ्याचा खर्च त्या हिशोबाने वरखाली होतो. क्विकला स्टँडर्डच्या दोन तृतीयांश, एपिकला दीडपट, मॅरेथॉनला तिप्पट.

खर्च बदलतो, पण चाल बदलत नाही. सगळी गोम इथे आहे. पायदळाला कुठल्याही स्पीडला टर्नमागे दोनच चाली. टेकडी चढायला दोन्ही संपतात. म्हणजे मधे नकाशावरची दहा घरं डोंगर-जंगल असेल तर शत्रूच्या वेशीवर पोचायला दहा टर्न. समजा स्टँडर्डला एक शोध आठ टर्नांत लागतोय. क्विकला तोच पाच-सहा टर्नांत लागणार. तुमचे क्रॉसबोवाले घाटातून उतरेपर्यंत समोरच्याचे जवळपास दोन शोध लागून झालेले असतात. तुम्ही निघालात तेव्हा साधी तटबंदी होती, पोचता तेव्हा मध्ययुगीन. मॅरेथॉनला त्याच शोधाला चोवीस टर्न लागतात. ज्या हत्यारानिशी निघालात त्याच हत्यारानिशी लढाई होते.

चंद्रगुप्त घेऊन खेळून बघा. त्याला भारताचं खास युनिट (सैन्याची तुकडी) मिळतं, वरू हत्ती, ४० ताकदीचा, शेजारच्या घरातल्या शत्रूची ताकद ५ ने खाली आणतो, पुरातन काळात त्याच्यासमोर कोणी टिकत नाही. क्विकला हे हत्ती सीमेपर्यंत जातायत तोवर समोर नाइट, म्हणजे मध्ययुगीन घोडेस्वार उभे. आपल्याला मिळालेलं खास युनिट वापरताच येणार नसेल तर तो देश निवडायचा कशाला?

आणि इतिहासाचं म्हणाल तर स्टँडर्डला १५०० ते १८०० या काळात एक टर्न पाच वर्षांचा. शिवाजी महाराजांचं सगळं आयुष्य, १६३० ते १६८०, दहा टर्नांत आटोपतं. तोरणा घेतल्यापासून १६७४ च्या राज्याभिषेकापर्यंत पाच-सहा टर्न. क्विकला त्याहून कमी. एवढ्यात आमच्याकडे एक विद्यापीठही बांधून होत नाही!

हिंजवडीपीडित

क्विक मागणारा तो मेंबर मीच. नाव घेतलं असतंस तरी चाललं असतं रे.

साधा गुणाकार कर. चार माणसं, सगळ्यांचे टर्न एकाच वेळी चालू, तरी टर्नमागे सरासरी दोन मिनिटं धर. क्विक ११ तास, एपिक २५, मॅरेथॉन ५०. एका बैठकीत चार तास म्हटलं तर क्विकला तीन बैठका. मॅरेथॉनला बारा-तेरा. तोपर्यंत दिवाळी होऊन जाईल, एकाची बदली होईल आणि सेव्ह फाइल तुझ्या लॅपटॉपवर पडून राहील. तुझ्याकडे अशा अर्धवट सेव्ह किती आहेत ते मला माहितीये, आकडा सांगत नाही.

शिवाय मॅरेथॉनचे पहिले टर्न आठव. मॉन्युमेंट ही अगदी सुरुवातीची इमारत स्टँडर्डला ६० प्रॉडक्शनची, मॅरेथॉनला १८०. सुरुवातीला शहराचं प्रॉडक्शन असतं टर्नाला पाच-सहा. म्हणजे तीस टर्न एंटर दाबत बसायचं. टेहळ्या पुढे सरकव, एंटर. टेहळ्या पुढे सरकव, एंटर. ऑफिसमध्ये बिल्ड होताना बघत बसतो तेवढं मला पुरे आहे.

क्विकला प्रत्येक टर्नाला काहीतरी ठरवावं लागतं. घाटातून सैन्य उशिरा पोचतं हे मान्य. पण मग आधी निघ की! कुठला शोध कधी लागणार हे समोर लिहिलेलं असतं. त्याचा अंदाज बांधून मोहीम काढणं हाच तर खेळ आहे.

कात्रजबोगदा

धागाकर्त्याने चालीचं सांगितलं, पण जखमा भरण्याचं सोयीस्करपणे गाळलं. स्वतःच्या शहरात बसलेलं युनिट टर्नाला २० ने सावरतं, स्वतःच्या हद्दीत १५, बेवारस जमिनीवर १०, शत्रूच्या हद्दीत ५. हे आकडेही सगळ्या स्पीडला तेच. म्हणजे मॅरेथॉनला अर्धमेलं युनिट मागे घ्या, चार टर्न बसवा, ताजंतवानं करून परत पाठवा, तोवर जगात काही बदललेलं नसतं. आणि ते युनिट मारलं तर समोरच्याला भरून काढायला तिप्पट वेळ.

एआयला, म्हणजे कॉम्प्युटर चालवतो त्या देशांना, हे जमत नाही. तो जखमी युनिट वेळेवर मागे घेत नाही, तोफा पुढे आणि पायदळ मागे असा मांडतो. त्याची सगळी मदार संख्येवर. डीटी या सगळ्यात अवघड पातळीला त्याला प्रॉडक्शनमध्ये ८० टक्के बोनस असतो, पण मारामारीत बोनस फक्त ४ चा. जितके जास्त टर्न लढाईत जाणार तितका माणसाचा फायदा. मॅरेथॉनला डीटी मारली म्हणून मिरवणाऱ्यांना मी फारसा मोजत नाही. क्विकला त्याखालची एम्परर पातळी मारून दाखवा, चहा माझ्याकडून.

बारवकाठ

@कात्रजबोगदा : मिरवणाऱ्यांत मी नाही, पण डीटीचा दुसरा निम्मा हिशोब तुम्ही गाळलात. तिथे एआय सुरुवातच तीन सेटलर (नवं शहर वसवणारे) आणि पाच वॉरियर (साधे सैनिक) घेऊन करतो. स्टँडर्डला वॉरियर ४० प्रॉडक्शनचा, म्हणजे त्याला फुकटात २०० चं सैन्य. मॅरेथॉनला तोच वॉरियर १२० चा, म्हणजे ६०० चं सैन्य फुकट. तुमच्या एकुलत्या शहराला एक वॉरियर काढायला वीस-चोवीस टर्न लागतात आणि शेजाऱ्याचे पाच जण त्यांच्या नेहमीच्या चालीने, दोन-दोन घरं टाकत, तेवढ्यात दारात येतात. तटबंदी नसेल तर शहर बाणही मारू शकत नाही. रानटी टोळ्यांचंही तेच. त्यांचा टेहळ्या तुमचं शहर बघून तळावर परततो तो नेहमीच्याच वेगाने, तुमचा बंदोबस्त मात्र तिप्पट उशिरा उभा राहतो.

म्हणजे मॅरेथॉन सोपं नाही. पहिले शंभर टर्न जास्त अवघड, नंतरचे सोपे.

@हिंजवडीपीडित : आधी निघ म्हणे. आधी निघायचं तर आधी सैन्य हवं ना?

कात्रजबोगदा

तेच म्हणतोय. पहिला हल्ला परतवला की पुढे हजारभर टर्न मोकळं रान. गोफणवाले तीन काढा, टेकडीवर बसवा, नदी मधे ठेवा, एआय येऊन डोकं आपटून जातो. एकदा निभावलं की निकाल लागल्यात जमा. मग १५०० टर्न कशाला, प्रमाणपत्र घ्यायला?

आणि 'सगळ्यात राम लढाईत' हे गृहीत कसं धरलं? चौघांत कोणी धर्माचा विजय, म्हणजे आपला धर्म पसरवून जिंकायचा मार्ग, धरला तर काय करणार? मिशनऱ्याला चार चाली, त्याही कुठल्याही स्पीडला चारच. मॅरेथॉनला तो अख्खा खंड बाटवून परत येईल, तोवर तुमचा पुढचा शोधही लागलेला नसेल. तुमच्या वरूंआधी तोच जिंकायचा.

मोडी_वाचक

शिवकाळ दहा टर्नांत बसतो हा हिशोब बरोबर आहे, पण त्यातून काही सिद्ध होत नाही. वरच्या कोपऱ्यातलं साल ही शोभेची वस्तू आहे. शोध सालावर लागत नाहीत, विज्ञानाच्या गुणांवर लागतात. इ.स. ९०० मध्ये बंदुका आणि १९५० मध्ये भालेवाले, दोन्ही मी पाहिलंय. २०५० ला खेळ थांबतो, सालाचा उपयोग तेवढाच.

आणि साल खरं मानायचंच असेल तर मॅरेथॉनलाही हसूच येईल. सदाशिवरावभाऊंची फौज मार्च १७६० मध्ये पटदूरहून निघाली आणि १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर लढली. दहा महिने, बाजारबुणगे आणि यात्रेकरूंसकट. स्टँडर्डच्या हिशोबाने हा एका टर्नाचा सहावा हिस्सा. खेळात तेवढं अंतर कापायला किमान आठ-दहा टर्न लागतील, म्हणजे चाळीस-पन्नास वर्षं. मॅरेथॉनला त्याचा तिसरा भाग धरा, तरी भाऊ म्हातारे होऊन पोचणार.

हा दोष स्पीडचा नाही, चालीच्या नियमाचा आहे. तो दुरुस्त करायचा प्रयत्न ओल्ड वर्ल्ड या दुसऱ्या गेमने केलाय. करणारा सोरेन जॉन्सन, सिव्ह ४ चा मुख्य डिझायनर, तेव्हा बाहेरचा नाही. तिथे एक टर्न म्हणजे एक वर्ष. राजा म्हातारा होतो, मरतो, वारस गादीवर येतो. आणि प्रत्येक युनिटला ठरावीक चाल नाही. टर्नाला सगळ्या राज्यात मिळून ठरावीक हुकूम असतात, ते एकाच फौजेवर खर्च करून तिला दमेपर्यंत पळवता येतं, पण मग त्या वर्षी बाकीचं राज्य बसून राहतं. पानिपताच्या वेळी पुण्यात काय झालं असेल ते त्यात जास्त कळतं.

सिव्ह ४ मध्येही अक्कल जास्त होती. तिथे मॅरेथॉनला शोध तिप्पट महाग, पण सैन्य फक्त दुप्पट. म्हणजे लढाईच्या बाजूने पारडं मुद्दाम झुकवलेलं होतं आणि ते लपवलेलंही नव्हतं.

अर्धाकप

मी लढतच नाही. नाशिकच्या बहिणीबरोबर रात्री ऑनलाइन स्पीडला खेळते, लढाईऐवजी संस्कृतीचा विजय, वंडर (जगप्रसिद्ध वास्तू) आणि थिएटर बांधत. मुलं झोपल्यावर दीड तास मिळतो.

वरचं सगळं वाचून असं वाटतं की तुमचं भांडण चालीपुरतं आहे. जो शहरं बांधत बसतो त्याला स्पीडने फारसा फरक पडत नाही. इमारतही तिप्पट, शोधही तिप्पट, समोरच्यालाही तिप्पट. फरक पडतो तो नकाशाने, आणि त्याबद्दल एकानेही विचारलं नाही! ह्यूज नकाशा १०६ घरं रुंद, बारा देश. त्यावर क्विक खेळलात तर शेजारी भेटेपर्यंत अर्धा खेळ संपतो. सगळ्यात लहान ड्युएल ४४ घरं रुंद. त्यावर मॅरेथॉन म्हणजे जिन्यात क्रिकेट. तुम्ही नकाशा कुठला ठरवलाय?

बारवकाठ

@अर्धाकप : ताई, स्मॉल. ७४ घरं, सहा देश, म्हणजे आम्ही चार आणि एआय दोन.

@मोडी_वाचक : ओल्ड वर्ल्ड छान आहे हे मान्य, पण चौघांपैकी तिघांकडे नाही आणि सुट्टी तोंडावर आलीये. साल शोभेचं असेलही. पण मला खेळताना काळ सरकल्यासारखा वाटावा लागतो, आणि शोभाच काढून टाकली तर उरतं ते स्प्रेडशीट.

हिंजवडीपीडित

स्मॉल नकाशावर दहा घरं डोंगर कुठून येणार? राजधानीपासून शेजाऱ्याची सीमा सहा-सात घरांवर लागते. तुझा पहिल्या पोस्टमधला सगळा हिशोब ह्यूजवरचा आहे. ताईंनी बरोबर पकडलं.

बारवकाठ

सहा घरं धर. क्विकला तरी एक शोध जातोच. तटबंदी व्हायला एकच पुरतो.

मोडी_वाचक

चौघं माणसं असतील तर कात्रजबोगद्यांचा एआयचा मुद्दा निम्मा निकालात निघतो. माणूस जखमी युनिट मागे घेतो. माणसामाणसांत संथ स्पीडला कोणाला फुकटचा फायदा नाही, फक्त लढाया लांबतात. माझं मत एपिक. क्विकला नाही आणि मॅरेथॉनला तर नाहीच.

कात्रजबोगदा

एपिकला हरकत नाही, पण उरलेले दोन एआय डीटीवर ठेवा आणि रानटी टोळ्या चालू. बंद करून खेळणाऱ्यांचा धागा मी वाचणार नाही.

हिंजवडीपीडित

एपिक म्हणजे पंचवीस तास. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, तो दिवस कटाप. उरलेल्या दिवसांत सहा बैठका बसवायच्या तर मला रोज संध्याकाळी पाचला खेळ सोडून उठावं लागेल, सहानंतर सिंहगड रोड कसा असतो ते माहितीये तुला. गणपतीत तर विचारूच नको. मी उठलो की माझी गादी एआय चालवेल, त्याला माझी तयारी आहे. मंजूर?

बारवकाठ

मंजूर. पाच वाजून एक मिनिटाने तुझ्या राजधानीबाहेर माझे वरू उभे असतील.

हिंजवडीपीडित

एपिकला? पोचतील का तोवर?